अंगणांतील माती आणि अंगांतील प्रतिकारशक्ति

वैशाखांत शाळांना सुटी लागली कीं, पुणें, मुंबई, सुरत अशा शहरीं पोटापाण्यासाठीं गेलेलीं कुटुंबें जामनेर तालुक्यांतील आपापल्या गांवीं परततात, आणि पुष्कळ घरांतून एकच वाद ऐकूं येऊं लागतो. शहरांत वाढलेला नातू चुलतभावांबरोबर अंगणांतील धुळींत लोळतो, गोठ्यांत शिरून वासराच्या गळ्यांत हात टाकतो आणि तसाच येऊन टोपल्यांतील भाकरीचा तुकडा उचलतो. सून दारांतून ओरडते, "अरे, हात! आधीं हात धू!" ओट्यावर शेंगा फोडीत बसलेली सासू म्हणते, "खेळूं दे वं त्याला. मातींत लोळल्याबिगर अंग घट होत नाहीं." सुनेला वाटतें, सासूबाई जुन्या वळणाच्या, सासूला वाटतें, शहरांत राहून सून भित्री झाली. हा भेद केवळ दोन स्वभावांचा असता, तर त्यावर एवढा वेळ खर्चण्याचें कारण नव्हतें. परंतु गेल्या सुमारें पस्तीस वर्षांत मोठमोठ्या वैद्यकीय संशोधकांत हाच वाद झाला आहे, आणि त्यांतून जें निष्पन्न झालें तें या दोघींनींहि ऐकण्याजोगें आहे.

प्रथम सुनेची बाजू घ्यावी. अस्वच्छतेची भीति तिनें शहरांत विकत घेतलेली नाहीं. ती इतिहासानें शिकविलेली आहे. रॉबर्ट कॉक या जर्मन शास्त्रज्ञानें १८८४ सालीं कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यांत पटकीचे जंतु दाखवून दिले. त्याच तळ्यांत लोक धूत होते आणि त्याचेंच पाणी पीत होते. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. तेव्हां ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा प्रयोगशाळेंत डॉक्टर हाफकिन यांनीं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. रोग दैवी कोपानें नव्हे तर जंतूंनीं होतो, ही गोष्ट महाराष्ट्राच्या मनांत अशा रीतीनें घरांघरांतील मृत्यूंनीं रुजविली. पुढें गाडगेबाबांनीं हातांत खराटा घेऊन गांवेंच्या गांवें झाडलीं. लोकांना कीर्तनापूर्वीं रस्ता झाडावयास लावणारा हा पुरुष प्रयोगशाळेंत कधीं गेला नव्हता. पण त्याचा खराटा योग्य जागीं पडत असे. तेव्हां जंतु म्हटला कीं तो शत्रु, असें समीकरण बसलें, यांत नवल नाहीं.

या समीकरणाला पहिला मोठा धक्का १९८९ सालीं बसला. डेव्हिड स्ट्रॅचन या इंग्रज संशोधकानें, मार्च १९५८ च्या एकाच आठवड्यांत जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची तेवीस वर्षांची माहिती तपासली. परागकणांनीं शिंका येणें, डोळे चुरचुरणें आणि नाक वाहणें हा विकार त्या देशांत फार वाढला होता. स्ट्रॅचनला असें आढळलें कीं, ज्या मुलाला मोठीं भावंडें अधिक, त्याला हा विकार कमी. थोरल्यांनीं घरांत आणलेलें सर्दीपडसें धाकट्याच्या वांट्याला लहानपणींच येत असावें आणि त्यामुळेंच त्याचें रक्षण होत असावें, असा तर्क त्यानें मांडला.

लौकरच दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि एका राष्ट्राचे दोन भाग ताडून पाहण्याची अपूर्व संधि मिळाली. पूर्वेकडील लाइपझिग आणि हाले हीं शहरें कोळशाच्या धुरानें काळवंडलेलीं होतीं; पश्चिमेकडील म्युनिक स्वच्छ आणि संपन्न होतें. धुरकट शहरांतील मुलांत दमा अधिक असणार, अशी सर्वांची अपेक्षा होती. एरिका फॉन म्यूटियस या बालवैद्य विदुषीनें पाहिलें तेव्हां दमा आणि परागविकार हे दोन्हीहि म्युनिकच्याच मुलांत अधिक निघाले. त्यानंतर आल्प्सच्या पायथ्याच्या खेड्यांतील मुलांची पाहणी झाली. एकाच गांवांतील, एकाच शाळेंत जाणारीं मुलें. परंतु ज्यांच्या घरीं गुरें होतीं आणि जीं पहिल्या वर्षापासून गोठ्यांत वावरलीं होतीं, त्यांच्यांत हे विकार बरेच कमी होते.

या सर्वांत बोलका दाखला अमेरिकेंतला आहे. तेथें आमिश आणि हटराइट नांवाचे दोन धर्मनिष्ठ शेतकरी समाज आहेत. दोघांचेंहि मूळ युरोपांतलें, दोघांचें रक्त जवळचें, दोघांचीं कुटुंबें मोठीं, आहारहि बहुतांशीं सारखाच. भेद मुख्यतः एका गोष्टीचा. आमिश अद्याप घोडे जुंपून शेती करितात आणि त्यांचा गोठा घराला लागून असतो. त्यांचीं मुलें रांगतां रांगतां तेथें पोंचतात. हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांची असून गुरें वस्तीपासून दूर असतात. आमिशांच्या मुलांत दम्याचें प्रमाण शेंकडा ५ च्या आसपास, तर हटराइटांच्या मुलांत शेंकडा २१. बाहेरच्या निरुपद्रवी पदार्थांविषयींची अतिसंवेदनशीलता, म्हणजे ॲलर्जी, एका समाजांत शेंकडा ७, दुसऱ्यांत ३३. संशोधकांनीं दोन्हीं घरांतील धूळ गोळा केली. आमिशांच्या धुळींत जंतूंच्या आवरणाचा अंश जवळजवळ सातपट निघाला. ती धूळ उंदरांच्या नाकांत घातली असतां त्यांना दम्यापासून संरक्षण मिळालें. हटराइटांच्या धुळीनें तें मिळालें नाहीं. हें संशोधन २०१६ सालीं प्रसिद्ध झालें.

धुळीनें रक्षण व्हावें, हें कसें? जुन्या खानदेशांत गांवाला जागल्या असे. जागल्याचें कसब लाठींत नसून ओळखींत असे. गांवचा माणूस कोण, पाहुणा कोण, वाटसरू कोण आणि रात्रीं कुंपणाआडून येणारा कोण, हें त्याला पावलांच्या आवाजावरून कळे. मुलाच्या शरीरांतील संरक्षक पेशींचेंहि असेंच आहे. जन्मतः त्यांच्या हातीं शस्त्रें असतात, पण ओळख नसते. माती, गुरें, झाडपाला, भावंडें यांच्याबरोबर येणाऱ्या असंख्य निरुपद्रवी जंतूंच्या सहवासांत त्या शिकतात कीं, प्रत्येक परक्यावर धांवून जावयाचें नसतें. त्यांच्यांतील कांहीं पेशींचें तर कामच इतरांना आवरण्याचें असतें, आणि ह्या आवरणाऱ्या पेशी अशा सहवासानेंच बळावतात. ज्या जागल्याला कोंडून वाढविलें, तो पहिल्याच दिवशीं परागकणाला दरोडेखोर समजून शंख करूं लागतो. सारें गांव उठतें, आणि त्या गोंधळालाच दमा किंवा इसब म्हणतात. पुण्यांत सत्तर वर्षांपूर्वीं प्रथम नोंदलें गेलेलें आणि आतां खानदेशच्या बांधाबांधावर माजलेलें गाजरगवत कित्येकांच्या अंगावर पुरळ उठवितें. तेंहि पुष्कळ अंशीं अशाच चुकलेल्या ओळखीचें फळ होय.

येथपर्यंत ऐकून सासूबाईंचा जय झाला, असें कोणास वाटेल. तसें म्हणण्याची घाई करूं नये. एक तर हें शिक्षण फार लहानपणीं होतें. आई गरोदर असल्यापासून मुलाच्या पहिल्या एकदोन वर्षांपर्यंतचा काळ त्यांत सर्वांत मोलाचा. आठ वर्षांचा नातू सुटींत पंधरा दिवस धुळींत लोळला, तर त्याला आनंद पुष्कळ होईल, पण त्याच्या शरीराची घडण तेवढ्यानें बदलणार नाहीं. दुसरें असें कीं, शेणानें सारवल्यानें जंतु मरतात ही जी समजूत घरोघर आहे, ती खरी नव्हे. शेण जंतूंनीं भरलेलें असतें. सारवलेल्या ओट्याचा मुलाला कांहीं लाभ होत असेल, तर तो जंतु मरण्यांत नसून जंतु असण्यांत आहे. आणि त्याच शेणांत व त्याच मातींत धनुर्वाताचें बीजहि वर्षानुवर्षें टिकून राहतें. बाळाच्या नाळेवर शेण किंवा राख लावण्याची चाल भारताच्या अनेक भागांत होती, आणि तिनें किती तान्हीं मुलें आठव्या-दहाव्या दिवशीं आंचके देऊन गेलीं, त्याची मोजदाद नाहीं. गरोदर स्त्रियांना लस, स्वच्छ पातें आणि कोरडी नाळ, एवढ्या साध्या गोष्टींनीं तो मृत्यु हटला. २०१५ सालीं भारतांतून नवजात बालकांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें. शेण ओट्यावर शोभतें, नाळेवर नव्हे.

खरा घोटाळा 'घाण' या एका शब्दानें केला आहे. मराठींत शेणामातीनें माखलेल्या हातालाहि घाण म्हणतात आणि उघड्या गटारालाहि घाणच म्हणतात. शरीराच्या दृष्टीनें ह्या दोन वस्तूंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. मनुष्यजात हजारों पिढ्या माती, झाडें आणि जनावरें यांच्या संगतींत वाढली. तेथील बहुतेक जंतु जुन्या शेजाऱ्यांसारखे आहेत. परंतु दाट वस्तींत माणसाच्या विष्ठेंतून पाण्यांत, आणि पाण्यांतून पुन्हां माणसाच्या तोंडांत जाणारे जंतु हे शेजारी नव्हेत. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ हीं सर्व त्या एका वाटेनें येतात. त्या वाटेनें आलेली घाण मुलाला कांहीं शिकवीत नाहीं. ती त्याचें आंतडें झिजविते.

याचा पुरावा शोधण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. २००४ सालीं महाराष्ट्र शासनानें त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत साठ गांवें निवडलीं. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांतील निम्म्या गांवांत संडास बांधण्याची व वापरण्याची मोहीम काढली. उरलेलीं गांवें तुलनेसाठीं ठेविलीं. सर्व घरीं संडास झाले नाहींत. वाढ बेताचीच झाली. तरीहि पुढें मुलांची उंची मोजली तेव्हां मोहीम झालेल्या गांवांतील मुलें सरस निघालीं. चार वर्षांच्या मुलाच्या उंचींत हा फरक एक सेंटिमीटरहून अधिक भरेल, इतका होता. मूल तेंच, भाकरी तीच, माती तीच. केवळ उघड्यावरची विष्ठा थोडी कमी झाली. ज्या अन्नानें उंची वाढावयाची तें अन्न आंतड्यांतील सततच्या दाहाशीं झुंजण्यांत खर्च होत होतें, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

मेक्सिको देशांतील एक अनुभव तर सारवलेल्या जमिनीच्या अभिमान्यांस विचार करावयास लावणारा आहे. तेथें गरिबांच्या मातीच्या जमिनी सरकारनें सिमेंटच्या करून दिल्या. ज्या घरांत सर्व जमीन पक्की झाली, तेथें मुलांच्या पोटांतील जंतांचें प्रमाण शेंकडा ७८ नीं आणि हगवणीचें प्रमाण शेंकडा ४९ नीं घटलें. म्हणजे माती वाईट असें ठरलें काय? नाहीं, पण ज्या मातींत रांगतें मूल विष्ठा करितें, कोंबड्या फिरतात आणि कोपऱ्यांत ओल राहते, ती माती नुसती माती राहत नाहीं, एवढें ठरलें.

अशी घाण लसीचाहि गुण कमी करिते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. लहान मुलांच्या अतिसाराचा एक मुख्य जंतु म्हणजे रोटाव्हायरस. त्यावर भारतांत तयार झालेल्या रोटाव्हॅक या लसीची परीक्षा दिल्ली, पुणें आणि वेल्लोर येथें ६,७९९ बालकांवर झाली. तीव्र अतिसारापासून संरक्षण मिळालें तें शेंकडा ५४ च्या सुमारास. श्रीमंत देशांत ह्या जातीच्या लसी शेंकडा ८५ च्या वर गुण देतात. ज्या आंतड्यांत आधींच दहा प्रकारचे जंतु दंगा करीत असतात, तेथें तोंडावाटे दिलेल्या लसीचा आवाज बुडून जातो, हें याचें एक महत्त्वाचें कारण समजलें जातें. पोलिओचे डोस भारतांत पुनःपुन्हां कां पाजावे लागले, त्याचेंहि एक उत्तर येथेंच आहे. अर्धें संरक्षण कमी आहे म्हणून लस टाळावी, असा उलटा अर्थ मात्र कोणी काढूं नये. जेथें अतिसार अधिक, तेथें अर्ध्या संरक्षणानेंहि पुष्कळ मुलें वांचतात. ही लस २०१६ पासून क्रमाक्रमानें राष्ट्रीय लसीकरणांत आली आहे.

आणखी एक प्रकार आहे तो या दोन घाणींच्या मधला, आणि तो जामनेरहून पुण्यास गेलेल्या कुटुंबांनीं विशेष लक्षांत घ्यावा असा आहे. दूषित पाण्यानें होणारी 'अ' जातीची कावीळ लहान मुलाला झाली, तर सहा वर्षांखालील बहुतेक मुलांत ती कळतहि नाहीं; थोडा ताप येतो आणि जन्माचें संरक्षण देऊन ती जाते. तीच विशीच्या तरुणाला झाली तर डोळे पिवळे होतात, महिना-दीड महिना अंथरूण धरावें लागतें, क्वचित् यकृतहि निकामी होतें. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्थेनें १९८२, १९९२ आणि १९९८ या तीन सालांचे रक्ताचे नमुने ताडून पाहिले. पूर्वीं लहानपणींच जवळजवळ सर्वांना ही बाधा होऊन जात असे; पुढें पुढें सुस्थितींतल्या घरांतील पुष्कळ मुलें तिच्यावांचून मोठीं होऊं लागलीं असें दिसून आलें, तर गरीब वस्तींत पहिलीच तऱ्हा कायम होती. पहिल्या प्रकारचीं मुलें गाळलेल्या पाण्यावर वाढतात, वसतिगृहांत जातात, आणि तेथें रस्त्याच्या कडेला उसाचा रस पितात. घर स्वच्छ झालें. शहर मात्र तितकें झालें नाहीं, आणि मधल्या फटींत हीं मुलें सांपडतात. पोलिओचा इतिहास असाच आहे. गेल्या शतकाच्या आरंभीं त्याच्या मोठ्या सांथी आल्या त्या स्वच्छतेंत पुढारलेल्या शहरांतच. यावरचा उपाय मुलाला गढूळ पाणी पाजणें हा खास नव्हे. 'अ' काविळीची लस मिळते आणि ती चांगला गुण देते. ओळख करून द्यावयाची तर ती लसीनें द्यावी; रोगानें नव्हे.

जामनेराकडे पुन्हां वळलें असतां एक चमत्कारिक स्थिति दिसते. बैलांच्या जागीं ट्रॅक्टर येत आहेत. गोठा घरापासून उठून मळ्यांत जात आहे. सारवलेल्या ओट्यावर चकचकीत फरशी बसत आहे. फरशी पुसण्यासाठीं बाटलींतून तीव्र वासाचें औषध येतें आणि जाहिरात सांगते कीं, त्यानें शेंकडा ९९ जंतु मरतात. म्हणजे जुना शेजारी घरांतून झपाट्यानें जात आहे. परंतु गल्लींतील उघडें गटार, फुटलेल्या नळांत शिरणारें पाणी आणि पावसाळ्यांत कांग नदीच्या पात्रांत वाहून येणारा मैला मात्र तितक्या वेगानें जात नाहीं. यापेक्षां वाईट सौदा दुसरा नसेल. जंतुनाशक साबणाचेंहि असेंच थोतांड आहे. साध्या साबणापेक्षां तो अधिक गुणकारी असल्याचें कारखानदारांना सिद्ध करतां आलें नाहीं, म्हणून अमेरिकेनें २०१६ सालीं तशा साबणांतील १९ द्रव्यांवर बंदी घातली. साधा साबण, वाहतें पाणी आणि वीस सेकंद चोळणें पुरें आहे. महत्त्व साबणाच्या नांवाला नसून वेळेला आहे. शौचाहून आल्यावर, तान्ह्याचें शौच काढल्यावर, स्वयंपाकापूर्वीं आणि जेवणापूर्वीं, ह्या चार वेळां चुकवूं नयेत. मधल्या वेळांत मुलाच्या हाताला माती लागली तर आईनें घाबरून दर घटकेस त्याला नळाखालीं धरण्याचें कारण नाहीं. तान्ह्याचें शौच निरुपद्रवी असतें अशी समजूत खेड्यांत आणि शहरांतहि आहे. ती सोडून द्यावी आणि तेंहि संडासांतच टाकावें.

गोठ्यांत मुलाला जाऊं द्यावें. वासराला गोंजारूं द्यावें. मात्र पायांत वहाण असावी. ओल्या मातींत अंकुशकृमीचीं पिलें असतात. तीं तळपायाच्या कातडींतून शिरतात आणि आंतड्यास चिकटून रक्त पितात. शाळेंत व अंगणवाडींत वर्षांतून मिळणारी जंताची गोळी त्यासाठींच असते, ती चुकवूं नये. गोठ्यांतलें दूध मात्र उकळूनच द्यावें. युरोपांतील कांहीं पाहण्यांत कच्च्या दुधाचा संबंध दम्याच्या कमी प्रमाणाशीं जोडलेला आहे, हें खरें. पण कच्च्या दुधांतून क्षय आणि जनावरांचा ताप माणसांत येतो, आणि दूध तापविण्याची मराठी घराची चाल त्या लाभापेक्षां पुष्कळ मोलाची आहे. चुलीचा धूर हाहि या हिशेबांत विसरूं नये. गोठ्याच्या सहवासानें मिळालेलें बळ कोंदट स्वयंपाकघराच्या धुरांत गमाविण्यांत अर्थ नाहीं. आणि कपाशीच्या शेतांतील मातीविषयीं तर वेगळेंच सांगावें लागतें. फवारणी झालेली माती ही आजीच्या लहानपणची माती नव्हे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि मजूर दगावले. फवारणीच्या दिवसांत मुलांना त्या शेतापासून दूर ठेवावें, आणि औषधाचे रिकामे डबे धुवून पाण्यासाठीं वापरण्याची संवय कोठें उरली असेल तर ती आजच मोडावी.

राहतां राहिलें घरांतील पाणी. गुरांना हात लावून आलेलें मूल सरळ रांजणाकडे धांवतें आणि पेल्यासकट मनगटापर्यंत हात बुडवितें. एका मुलाच्या हातावरचें तें त्या दिवशीं साऱ्या घराच्या पोटांत जातें. रांजण उंच ठेवावा, त्यावर घट्ट झांकण असावें, आणि पाणी काढावयास लांब दांड्याचें ओगराळें टांगलेलें असावें. जामनेरच्या बाजारांत तें थोड्या पैशांत मिळतें.